पंचवीस हे उत्तर कुठून आलं?

पत्र :

ताई, नमस्कार. माझा मुलगा सात वर्षांचा आहे, दुसरीत शिकतो. बोलण्यात चुणचुणीत आहे, एकदा ऐकलेली गोष्ट जशीच्या तशी सांगतो. पण गणिताला बसवलं की गळून जातो. वजाबाकीत उसना घ्यायची वेळ आली की पेन्सिल थांबते आणि माझ्या तोंडाकडे बघत बसतो. काल बावन्न वजा सदतीस दिलं होतं. बराच वेळ बघितलं आणि मग अंदाजाने सुरू झाला, ‘पंचवीस? पस्तीस? पंधरा?’ पंधरा म्हटल्याबरोबर लिहून मोकळा. आज तेच गणित दिलं तर पुन्हा पाटी कोरी. आमची मनी मांजर मागच्या महिन्यात जाळीच्या कपाटाची आडकडी काढायला शिकली. तेव्हापासून ह्यांचं एकच चालू आहे, ‘मांजराला डोकं आहे, तुला नाही.’ पाहुण्यांसमोरही म्हणतात. मुलगा आता मनीला जवळही घेत नाही. शहरात एका ठिकाणी बोटांचे ठसे घेऊन मुलाची बुद्धी कुठल्या प्रकारची आहे ते सांगतात, पाच हजार रुपये घेतात. ते करावं, की बुद्ध्यंक चाचणी करावी? मुलगा खरंच मठ्ठ असेल तर आत्ताच कळलेलं बरं.
– एक आई, चिपळूण

उत्तर :

ताई म्हणून हाक मारलीत, म्हणून मोकळेपणाने लिहिते.

‘मुलगा आता मनीला जवळही घेत नाही’ हे तुमचं वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. गणिताचं बघू, ते सुटण्यासारखं आहे. पण सात वर्षांच्या पोराने घरातल्या मांजरावर रुसावं, कारण त्याच्या वाट्याचं कौतुक ती घेऊन गेली, हे मला फार लागलं. म्हणून आधी मनीबद्दलच लिहिते.

मनी कडी काढायला कशी शिकली, हे घरात कुणी पाहिलं का? बहुतेक नसेल. तिने कडी काढली तो दिवस सगळ्यांना आठवतो, त्याआधीच्या रात्री कुणालाच माहीत नाहीत. अमेरिकेत एडवर्ड थॉर्नडाइक नावाच्या अभ्यासकाने नेमक्या त्या रात्री मोजल्या, असं म्हणा. १८९८ साली त्याने आपले प्रयोग छापले. तो भुकेल्या मांजराला फळ्यांच्या पेटीत ठेवायचा आणि बाहेर खाणं मांडायचा. आतला दोरीचा फास ओढला किंवा खिटी दाबली की दार उघडे. मांजर काय करायचं? फटीतून पंजे घालायचं, फळ्या चावायचं, अंग घुसवून बघायचं. या धडपडीत कधीतरी पंजा फासात अडकायचा आणि दार उघडायचं. तेच मांजर पुन्हा पेटीत, पुन्हा घड्याळ. लागणारा वेळ कमी होत गेला, पण हळूहळू, मागेपुढे होत. मांजराच्या डोक्यात एकदम लख्ख उजेड पडला असता तर वेळ एका फेरीत धाडकन खाली आला असता आणि खालीच राहिला असता. तसं झालं नाही. ज्या हालचालीने सुटका झाली ती टिकली, बाकीच्या गळून पडल्या.

यात मनीचा कमीपणा मुळीच नाही. न थकता, दहा चुकीच्या गोष्टी करून अकरावी करून बघायला बळ लागतं. पण तिला एक सवलत मिळाली होती, जी तुमच्या मुलाला एकदाही मिळालेली नाही. ती कपाटापाशी चुकत होती तेव्हा तिच्या पाठीशी कुणी उभं नव्हतं.

आता मुलाकडे येते, आणि त्यासाठी एका घोड्याची गोष्ट सांगावी लागेल. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये फॉन ऑस्टेन नावाचे एक निवृत्त गणित शिक्षक होते. त्यांनी हान्स नावाच्या आपल्या घोड्याला काही वर्षं खपून शिकवलं. बेरीज विचारा, तारीख विचारा, हान्स खुराने तितके ठोके देऊन उत्तर सांगायचा. लोकांची झुंबड उडायची. १९०४ साली जाणकारांची समिती बसली, तिलाही लबाडी सापडली नाही, कारण लबाडी नव्हतीच. मग ऑस्कर फुंग्स्ट नावाच्या तरुण अभ्यासकाने चिकाटीने एकेक गोष्ट बदलून पाहिली. प्रश्न विचारणाऱ्यालाच उत्तर माहीत नसलं की हान्स चुकायचा. विचारणारा दिसेनासा झाला तरी चुकायचा. घोडा आकडे मोजत नव्हता, तो माणूस वाचत होता. प्रश्न विचारून झाला की माणूस नकळत किंचित पुढे झुकतो आणि बरोबर ठोका पडला की त्याचं डोकं केसभर वर होतं. हान्स तिथे थांबायचा. फुंग्स्टने हे १९०७ साली प्रसिद्ध केलं. सगळं उमगल्यावरही त्याला स्वतःला ती हालचाल पूर्ण आवरता येत नव्हती, हे मला त्यातलं सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

तुमचा मुलगा ‘पंचवीस? पस्तीस? पंधरा?’ म्हणत होता तेव्हा तुमच्या चेहऱ्यावर काय झालं असेल, आठवून बघा. पहिल्या दोन आकड्यांना भुवया, तिसऱ्याला सुटकेचा श्वास. त्याने तो श्वास लिहून घेतला. आज पाटी कोरी, कारण पंधरा हे उत्तर त्याला वहीत सापडलंच नव्हतं.

मी प्राथमिक शाळेत बरीच वर्षं शिकवलं. माझ्या वर्गात एक मुलगी फळ्यावर उदाहरण सोडवायला आली की मध्येच थांबून माझ्याकडे वळायची, मी मान हलवली की पुढे. ती वर्षभर माझ्या मते हुशार होती. मी रजेवर असताना दुसऱ्या बाईंनी चाचणी घेतली आणि ती रडत घरी गेली. तिच्या रडण्याचं कारण मी होते, हे कळायला मला पुढे काही वर्षं लागली. तुम्हाला ते आज कळावं म्हणून हा घोडा पत्रात आणला.

पण थांबा. तो पहिला आकडा पुन्हा बघा. पंचवीस. तो हवेतून आलेला नाही. दोनातून सात जात नाहीत, म्हणून त्याने उलटं केलं, सातातून दोन काढले, पाच उरले. पाचातून तीन गेले, दोन उरले. पंचवीस! म्हणजे तो तोंडाकडे बघत होता तेव्हा डोकं बंद नव्हतं. ‘मोठ्यातून लहान वजा करायचं’ हा पहिलीत पक्का केलेला नियम त्याने प्रामाणिकपणे वापरला. तुमच्या भुवया वर गेल्या, मग त्याने तो विचार सोडून दिला आणि तुम्हाला वाचू लागला. पस्तीस आणि पंधरा हे हान्सचे ठोके आहेत. पंचवीस हे त्याचं स्वतःचं उत्तर आहे. चुकीचं, पण त्याचं. तुम्ही ‘कसं काढलंस?’ एवढं विचारलं असतं तर अडचण नेमकी कुठे आहे ते दोन मिनिटांत दिसलं असतं.

तर पहिली गोष्ट, उद्यापासून त्याच्या समोर बसू नका. शेजारी बसा, तुमचेही डोळे वहीवर. उत्तर बरोबर असो वा चूक, त्याच आवाजात विचारा, ‘कसं केलंस, मला सांग.’ बरोबर उत्तरालाही विचारायचं हे विसरू नका. फक्त चुकल्यावर विचारलंत तर तो प्रश्नच त्याला भुवईसारखा वाचता येईल.

तोंडाकडे बघणं हे मात्र मठ्ठपणाचं लक्षण समजू नका. बुडापेस्टमध्ये आदाम मिक्लोशी यांच्या गटाने २००३ साली माणसांनी हातावर वाढवलेले लांडगे आणि कुत्रे यांना न सुटणारं कोडं दिलं. लांडगे शेवटपर्यंत त्या वस्तूशीच झटत राहिले. कुत्र्यांनी थोडं करून पाहिलं आणि मग मालकाच्या तोंडाकडे पाहिलं. कुत्रा आपल्या अंगणात हजारो वर्षं का टिकला, लांडगा का नाही, याचं एक उत्तर त्या नजरेत आहे असं मला वाटतं. आणि माणसाच्या पोरात तर हे मुळातच आहे. २००७ साली लायपझिगच्या माक्स प्लांक संस्थेच्या अभ्यासकांनी अडीच वर्षांची १०५ मुलं, १०६ चिंपांझी आणि ३२ ओरांगउटान यांना एकाच कसोट्या दिल्या. खाऊ कोणत्या वाटीखाली लपवला, जास्त कुठे आहे, काठीने कसा ओढायचा, यात मुलं आणि चिंपांझी जवळपास सारखे निघाले. पण दुसऱ्याने करून दाखवलेलं उचलणं, बोटाने दाखवलेलं समजणं, दुसऱ्याच्या मनात काय आहे ते ओळखणं, यात मुलं जवळजवळ दुपटीने पुढे गेली. आपली पोरं एकेकटी चिंपांझीपेक्षा फार शहाणी असतात असं नाही. ती दुसऱ्याकडून घ्यायला जन्मजात तयार असतात, आणि भाषा, शेती, गणित सगळं त्या घेण्यातून आलं.

या घेण्यात एक खोच आहे, तीच तुमच्या घरात उसन्याच्या जागी अडली आहे. २००५ साली व्हिक्टोरिया हॉर्नर आणि अँड्र्यू व्हाइटन यांनी एक पेटी केली, आत खाऊ. उघडून दाखवणारा माणूस आधी काठीने वरच्या भोकात ठोकायचा, मग खालचं दार उघडून खाऊ काढायचा. पेटी काळी असताना चिंपांझींनीही सगळं तसंच केलं. मग पारदर्शक पेटी आणली, त्यात वरचं ठोकणं फुकट आहे हे स्वच्छ दिसत होतं. चिंपांझींनी ते सोडलं आणि सरळ दार उघडलं. तीन-चार वर्षांच्या मुलांनी मात्र ठोकणं चालूच ठेवलं. मोठ्या माणसाने केलं म्हणजे काही तरी कारण असणार, हा मुलांचा विश्वास. याच विश्वासामुळे ती वेलांट्या शिकतात, नमस्कार शिकतात. आणि याच विश्वासाने ती ‘पाच खोड, वर चार लिही, दोनाच्या बाजूला एक लिही’ हेही शिकतात. ते का लिहायचं हे दिसत नसलं की ते पेटीवरचं ठोकणं होतं. एक पायरी विसरली की सगळं विसरलं, कारण पायऱ्यांच्या खाली जमीनच नाही.

म्हणून आठवडाभर वही मिटून ठेवा. दहाच्या पाच नोटा आणि एक रुपयाची दोन नाणी त्याच्या हातात द्या आणि तुम्ही भाजीवाल्या व्हा. भाजी झाली सदतीस रुपयांची. तो तीन नोटा देईल आणि मग अडेल, सात सुटे नाहीत. तिथे काही बोलू नका. मला वाटतं तो स्वतःच म्हणेल, ‘ही नोट मोडून द्या.’ नाही म्हणाला तर दुसऱ्या दिवशी त्याला खऱ्या दुकानात घेऊन जा, तिथे सुट्ट्यांसाठी दिवसभर हेच चाललेलं असतं. एक नोट मोडली, दहा नाणी आली, आधीची दोन, बारा. बारातून सात दिले. हाच उसना. नंतर वहीत पाच खोडून चार करताना ती मोडलेली नोट त्याला दिसेल.

आणखी एक अडचण आपल्या मराठीच्या पोटातच आहे. ‘बावन्न’ ऐकताना दोन आधी कानावर पडतात आणि लिहायचे मात्र पाच आधी. ‘एकोणचाळीस’मध्ये तर चाळीस ऐकू येतात आणि लिहायचे तीन-नऊ. २०१९ साली बालभारतीने दुसरीच्या पुस्तकात ‘पन्नास दोन’ असं वाचायचा पर्याय दिला तेव्हा केवढा गदारोळ झाला! गणितज्ञ मंगला नारळीकरांनी त्याची बाजू शांतपणे मांडली होती, मला ती तेव्हाही पटली होती. घरी दोन्ही म्हणा, बावन्न म्हणजे पन्नास आणि दोन. भाषा त्याने बुडत नाही.

तुम्ही म्हणाल, इतर मुलांना जमतं, याला का नाही? ऑक्सफर्डला बेट्टी नावाची एक कावळी होती, न्यू कॅलेडोनिया बेटांवरच्या जातीची. उभ्या नळीच्या तळाशी खाऊची इवलीशी बादली, आणि जवळ तारेचे दोन तुकडे, एक आकडा केलेला आणि एक सरळ. जोडीदाराने आकड्याची तार पळवली. बेट्टीने सरळ तार चोचीने वाकवून आकडा केला आणि बादली वर ओढली. २००२ साली हे छापून आलं तेव्हा जग थक्क झालं. पुढे २०१६ मध्ये कळलं, की त्या जातीचे कावळे रानातही काटक्या वाकवतात, म्हणजे बेट्टीच्या पाठीशी जातीची सवय होती. त्याआधीच ब्रिटनमधल्या अभ्यासकांनी तेच कोडं मुलांना दिलं होतं, तारेऐवजी लोकर गुंडाळलेली मऊ तार. पाच वर्षांच्या आतल्या फार थोड्या मुलांना आकडा सुचला. आठ वर्षांपर्यंत बहुतेकांना सुचू लागला. आणि न सुचलेल्या मुलांना कुणी एकदा वाकवून दाखवलं की बहुतेकांनी लगेच केला. दाखवलेलं करणं मुलांना फार लवकर येतं, न दाखवलेलं सुचणं उशिरा येतं. तुमचा मुलगा सात वर्षांचा आहे. त्याला कावळीपेक्षा उशीर झाला म्हणून तो कावळीपेक्षा कमी ठरत नाही.

सुचायला रिकामा वेळही लागतो. टेनेरिफ बेटावर वोल्फगांग कोहलर या जर्मन मानसशास्त्रज्ञांकडे सुलतान नावाचा चिंपांझी होता. गजांबाहेर केळी, हातात दोन बांबू, दोन्ही आखूड. तास-दीड तास झटून त्याने नाद सोडला. मग खोक्यावर बसून बांबूंशी खेळता खेळता दोन्ही एका रेषेत आले, त्याने बारीक बांबू जाडाच्या पोकळीत खुपसला आणि धावत गजांपाशी गेला. नाद सोडून खेळत बसला नसता तर? मुलगा अडला की ‘लक्ष कुठंय तुझं’ म्हणण्याआधी त्याला दहा मिनिटं अंगणात सोडा.

आता तुमचे पाच हजार रुपये. बोटांच्या ठशांवरून बुद्धी सांगणाऱ्यांना एक रुपयाही देऊ नका. त्या रेषा आईच्या पोटातच ठरतात, त्यांचा आणि बुद्धीच्या प्रकारांचा संबंध जोडायला कसलाही वैज्ञानिक आधार नाही. मुलाच्या हातात ‘तुझी बुद्धी अमुक प्रकारची’ असा छापील कागद ठेवला की तो जन्मभर त्या कागदाकडे बघून ठोके देईल.

बुद्ध्यंक चाचणी ही वेगळी, गंभीर गोष्ट आहे. आल्फ्रेड बिने यांनी पॅरिसमध्ये १९०५ साली पहिली मोजपट्टी केली ती कोणत्या मुलांना शाळेत जास्त मदत हवी हे शोधण्यासाठी, कुणाच्या कपाळावर आकडा गोंदवण्यासाठी नव्हे. धारवाडचे डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी ती मराठी आणि कानडी मुलांसाठी बसवली, आजही आपल्याकडे बिने-कामत चाचणी वापरतात. पण तुमच्या पत्रात मला त्याची घाई दिसत नाही. आधी डोळे आणि कान तपासून घ्या, फळ्यावरचं नीट न दिसणारी मुलं मी खूप पाहिली. मग नोटा-नाण्यांचे तीन-चार महिने जाऊ द्या. तेवढं करूनही दहाच्या आतले आकडे लहान-मोठे ओळखता आले नाहीत, किंवा वाचताना-लिहितानाही अक्षरांची सतत उलटापालट होत राहिली, तर बालरोगतज्ज्ञांना विचारून अध्ययन अक्षमतेची तपासणी करून घ्या. त्यात लाजण्यासारखं काही नसतं, आणि निदान झालं तर शाळेत सवलती मिळतात.

तुमच्या यजमानांबद्दल मी कठोर लिहिणार नाही. मांजराचं त्यांना कौतुक आहे, म्हणजे त्यांना बघायला आवडतं. पण पाहुण्यांसमोर ते वाक्य पुन्हा यायला नको, हे त्यांना तुम्ही एकट्यात आणि स्पष्ट सांगा. आणि त्याच वेळी त्यांना एक काम द्या.

कपाटाची कडी काढून दाराच्या वरच्या अंगाला, उलट्या बाजूने लावा. आधी मुलाला विचारा, मनी आता काय करेल? तो म्हणेल ते वहीत लिहू द्या. मग बापलेक दोघांनी स्वयंपाकघराच्या दारामागे गप्प बसायचं, घड्याळ मुलाच्या हातात. पहिल्या रात्री किती मिनिटं लागली, दुसऱ्या रात्री किती, तिने कुठे पंजा मारला, कधी कंटाळली, सगळं त्याने लिहायचं. आठ रात्री. आठव्या रात्रीची मिनिटं पहिल्या रात्रीच्या मिनिटांतून वजा करायची. ते उत्तर किती येईल हे आज ना तुम्हाला ठाऊक आहे, ना ह्यांना, त्यामुळे त्याला कुणाच्याच तोंडाकडे बघून ते सापडणार नाही.